‘अंगाखाली गेलं असेल’

आमच्या वहिनीचं पहिलं बाळ अडीच महिन्यांचं असताना झोपेत गेलं. रात्री दूध पिऊन हसलं होतं, पहाटे हाताला गार लागलं. शवविच्छेदनात काहीही निघालं नाही. चौथ्या दिवशी भेटायला आलेल्या बायका दारातच कुजबुजल्या, "झोपेत अंगाखाली गेलं असेल." वहिनीला अजून पान्हा फुटत होता. ब्लाउज भिजलेला, आणि ती ते ऐकत बसली होती.

वर्षाच्या आतलं निरोगी बाळ झोपेत दगावतं आणि सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही, त्याला डॉक्टर ‘सिड्स’ म्हणतात. दोन ते चार महिन्यांच्या बाळांना धोका सर्वांत जास्त.

परवा भाचीचं बाळ बघायला गेले. मऊ गादी, दोन्हीकडे लोड, डोक्याला कुंची, खोलीत शेगडी आणि बाळ पालथं. आजी म्हणाल्या, "पालथं घातलं की शांत झोपतं गं." झोपतं खरं, पण इतकं गाढ की श्वास कोंडला तरी जाग येत नाही. "उताणं ठेवलं तर दूध श्वासात जाईल," ही भीतीही खरी नाही. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध खालीच परततं. ब्रिटनमध्ये १९९१ला आणि अमेरिकेत १९९४ला ‘पाठीवर झोपवा’ मोहीम सुरू झाली आणि असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. बाळ आईच्याच खोलीत, पण स्वतःच्या सपाट, घट्ट गादीवर हवं. उशी नको, मोहरीचीही नको. घरात विडी-सिगारेट नको. आणि गरोदरपणी मशेरी तर नकोच, तिने बाळ कमी वजनाचं होतं आणि अशा बाळांना धोका जास्त.

एवढं करूनही बाळ जाऊ शकतं, हे मात्र कुणी ऐकून घेत नाही. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या वकील बाईची दोन बाळं गेली. एकाच घरात असं दोनदा होण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक, असं एका नामांकित डॉक्टरांनी कोर्टात सांगितलं. ते गणितच चुकीचं होतं. तरी १९९९मध्ये तिला खुनी ठरवून जन्मठेप झाली. २००३मध्ये ती निर्दोष सुटली आणि चारच वर्षांत गेली.

वहिनीने त्या रात्री बाळाला पाठीवरच झोपवलं होतं, त्याच्या स्वतःच्या गादीवर. दुसऱ्या बाळाच्या वेळी ती सहा महिने रात्रीतून चार-चारदा उठून त्याच्या नाकापुढे बोट धरायची. श्वास लागला की परत आडवी व्हायची, पण दिवा मालवायची नाही.