उताऱ्यावरचे ८ आणे म्हणजे निम्मं शेत नव्हे

बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "आणा म्हणजे सगळीकडे सोळावा भाग. उताऱ्यात ८ आणे दिसले की निम्मी जमीन तुमची. आणेवारी ८ आण्यांखाली गेली की विमा पक्का. सोन्याचा तोळासुद्धा १६ आण्यांचा." तो वाचून आमच्या मामी भाऊबंदांकडे निम्मं शेत मागायला निघाल्या. आता बोलणं भाग आहे.

आपला कर्नाटकातला जमिनीचा उतारा (पहाणी, आरटीसी) कन्नडमध्ये, म्हणून कुणीही काहीही अर्थ सांगतो. ९ नंबरच्या रकान्यात खातेदाराच्या नावासमोर क्षेत्र असतं. २.२०.०८ म्हणजे २ एकर, २० गुंठे, ८ आणे. हा आणा गुंठ्याचा सोळावा भाग. शेताचा नव्हे, एकराचाही नव्हे. गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्याचे ८ आणे ५४४.५ चौरस फूट. एवढ्यात गोठा बसेल, निम्मं शेत कुठून येणार?

मधले ठिपके दशांशाचे नाहीत, तिथंही लोक फसतात. २.२० म्हणजे अडीच एकर, कारण ४० गुंठ्यांचा एकर. १.३०.१२ आणि ०.२५.१० यांची बेरीज कॅल्क्युलेटरवर करू नका. १२ आणि १० मिळून २२ आणे: ६ ठेवा, १ गुंठा हातचा. ३०, २५ आणि १ मिळून ५६ गुंठे: १६ ठेवा, १ एकर हातचा. उत्तर २.१६.०६. महाराष्ट्रात, चंदगडकडे जमीन असेल तर हे सगळं विसरा; तिकडच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात, आणि १०० चौरस मीटरचा आर गुंठ्यापेक्षा किंचित लहान.

जुन्या वाटणीपत्रात "आठ आणे हिस्सा" लिहिलेला असेल तर तो निम्माच, एवढं मान्य करतो. मग मामींनी वाटणीपत्र शोधावं, क्षेत्राचा आकडा दाखवून वाटा मागू नये. आणि सर्व्हे नंबरातला तुकडा विकायचा झाला तर मोजणी करून ११ ई नकाशा (त्या तुकड्याच्या हद्दी दाखवणारा सरकारी नकाशा) लागतो, तोंडी आण्यांवर खरेदीखत होत नाही.

विम्याचं म्हणाल तर पंतप्रधान पीक विमा योजनेत पीक कापणी प्रयोगातलं उत्पन्न उंबरठा उत्पन्नाशी, म्हणजे मागच्या वर्षांच्या सरासरीवरून ठरवलेल्या पातळीशी, ताडून बघतात. आणेवारीवरून, म्हणजे पीक किती आणे आलं या सरकारी अंदाजावरून, भरपाई ठरत नाही.

आणि सोन्याचं? १६ आण्यांची भरी (तिकडचा तोळा) बंगालात. आपल्याकडे तोळ्याचे १२ मासे, माशाच्या ८ गुंजा.