चिखलात जायचं, पण रीतसर

मिनेसोटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर '१०,००० तळी' असं लिहिलेलं असतं. सरकारी मोजणीत १० एकर किंवा त्याहून मोठी तळी भरतात ११,८४२. म्हणजे अठराशेच्या वर तळी या लोकांनी मोठ्या मनाने सोडून दिली. आपल्याकडे असतं तर आकडा आधी पंधरा हजारांवर नेला असता आणि मग उरलेली तळी खणायच्या निविदा काढल्या असत्या. अशा दिलदार राज्यात जंगलात चार चाकं फिरवायला कोण आडवं येणार, असं मिनियापोलिसच्या उपनगरात राहणाऱ्या कुणालाही वाटतं. त्यात शुक्रवारी दुपारपासून निम्मं शहर पिकअपला ट्रेलर, ट्रेलरला होडी नाहीतर एटीव्ही, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणारी उघडी चारचाकी, बांधून इंटरस्टेट ३५ने उत्तरेकडे निघालेलं दिसतं. कुठे चाललात विचारलं तर उत्तर एकच, 'अप नॉर्थ'. याहून जास्त पत्ता कुणी देत नाही.

आमचा चौघांचा ग्रुप आहे. नावं घेत नाही, गावं सांगतो: एक पुणेकर, एक नागपूरकर, एक सातारकर आणि मी डोंबिवलीचा. नागपूरकराने ऑफिसातल्या कुणाचा तरी व्हिडिओ टाकला, त्यात एक आजोबा हेल्मेट घालून एटीव्हीवरून डबक्यातून पाणी उडवत चालले होते. खाली लिहिलं, "भाऊ, आपण का घरी बसायचं?" तिथून पुढे ग्रुपचं नाव बदललं, डीपी बदलला, आणि जंगलात गाडी चालवायचा बेत मात्र जागचा हलेना.

आधी यंत्र कोणतं, यावर वाद. एटीव्ही म्हणजे टांग टाकून बसायचं, हँडल धरायचं, उजव्या अंगठ्याने ॲक्सिलरेटर दाबायचा. यूटीव्ही म्हणजे शेजारीशेजारी बसायचं, स्टिअरिंग असतं, पट्टे असतात आणि डोक्यावर लोखंडी पिंजरा असतो. एटीव्हीवर नवरा एकटाच मजा करतो आणि यूटीव्हीत बायकोला शेजारी बसून सूचना देता येतात, एवढ्या मुद्द्यावर चारही घरांत यूटीव्हीच्या बाजूने एकमत झालं.

मग आले इंच. इथल्या कायद्यात रुंदी ५० इंचांपर्यंत असेल तर यंत्र पहिल्या वर्गाचं, ५० ते ६५ इंच असेल तर दुसऱ्या वर्गाचं. जंगलातल्या बऱ्याच वाटा फक्त पहिल्या वर्गाला खुल्या. पोलारिस ही याच राज्यातली कंपनी, १९५४ साली कॅनडाच्या सीमेजवळ रोझो नावाच्या गावात सुरू झालेली. २००७ साली त्यांनी आरझेडआर नावाची खेळकर यूटीव्ही काढली, ती मुद्दाम ५० इंचांची, त्या वाटांवर मावावी म्हणून. पुढे दरवर्षी जोर वाढत गेला, टायर वाढले आणि यंत्राला पोट सुटलं. आता ६४ इंची मिळतात, ७२ इंचीही मिळतात, आणि ७२ इंची तर दुसऱ्या वर्गातही बसत नाही. २००७ साली आम्हीही बारीकच होतो, त्यामुळे याबद्दल कंपनीला बोल लावायची आमची हिंमत नाही. पण भाड्याने मिळणारी चार सीटची यूटीव्ही होती ६४ इंची, आणि नागपूरकराने जीव लावून निवडलेली तळ्याकाठची वाट होती ५० इंची. "चौदा इंचांनी काय होतं बे?" तो म्हणाला. चौदा इंचांनी एक झाड होतं.

दुसरी वाट शोधायला नकाशे उघडले, तेव्हा खरा घोळ कळला. इथली सरकारी जंगलं तीन प्रकारची आहेत. एका प्रकारात वाटेवर 'बंद' अशी पाटी नसेल तर वाट खुली. दुसऱ्या प्रकारात 'खुली' अशी पाटी नसेल तर वाट बंद. तिसऱ्यात काही विचारायचंच नाही, चाकं घेऊन जायचंच नाही. आता आपण जंगलात उभे आहोत, समोर वाट आहे आणि पाटी नाही. जायचं का? तर आधी आपण कोणत्या प्रकारच्या जंगलात आहोत हे माहीत पाहिजे, आणि तेही सांगणारी पाटी तिथे असेलच असं नाही.

पुणेकराच्या आयुष्यातला हा मोठा क्षण होता. आमच्या मते पाट्या या विषयात त्याला शिकवण्यासारखं जगात कुणी उरलेलं नव्हतं. दुपारी एक ते चार, चौकशी करू नये, चप्पल इथे काढू नये, सगळं त्याने पचवलेलं. पण नसलेल्या पाटीलाही अर्थ असतो आणि तो जंगलागणिक उलटा होतो, हे ऐकून तो हरखला. "याला म्हणतात शिस्त!" असं म्हणून त्याने तीन रंगांची एक्सेल शीट केली. त्यात दलदल वेगळी दाखवली, कारण पाणथळ जागेत गाडी घालणं बेकायदा. म्हणजे चिखल खेळायचा तो वाटेवरचा. वाटेच्या बाजूचा चिखल हा निसर्ग. आणि अगदी वर, कॅनडाला लागून, बाउंडरी वॉटर्सचं दहा लाख एकरांहून मोठं रान आहे, तिथे वल्हं मारत होडीने जायचं. तो भाग त्याने शीटमध्ये काळा केला आणि शेजारी लिहिलं, 'आवाज करू नये.'

पण सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो सातारकराच्या जन्माने. नियम असा आहे की १ जुलै १९८७नंतर जन्मलेल्या माणसाला सार्वजनिक जागेत एटीव्ही चालवायची तर आधी सुरक्षेचा कोर्स करावा लागतो. त्याआधी जन्मलेले तसेच मोकळे. म्हणजे ज्याने आयुष्यात लूनापलीकडे काही चालवलं नाही, असा मी जन्मजात तरबेज ठरलो. पुणेकर आणि नागपूरकरही सुटले. राहिला सातारकर. त्याच्या पासपोर्टवर तारीख आहे १ जून १९८७. ज्यांना महाराष्ट्रातल्या शाळा माहीत आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे, पोरगं कधी झालं? घरचे सांगायचे, पेरण्या उरकल्यावर. गुरुजी लिहायचे, एक जून. अमेरिकेत राहणाऱ्या निम्म्या मराठी माणसांना एकाच दिवशी बँकेच्या शुभेच्छा येतात त्या याच कारणाने.

"मग सुटलास की तू," आम्ही म्हणालो. त्याने सहज गंमत म्हणून हे आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, "एक जून कसला? वसुबारसंला झालास तू. गाईला निवद दावून आले आन् कळा सुरू झाल्या." म्हणजे भारत सरकारच्या मते तो महिनाभराने सुटत होता आणि आईच्या मते साडेतीन महिन्यांनी अडकत होता. पुणेकराचं म्हणणं, कागद तो कागद. नागपूरकराचं म्हणणं, आईपुढे कसला कागद! दोन्ही बाजूंनी चार दिवस लेख पडत होते. शेवटी आईनेच निकाल दिला: "शिकून घे. फुकट तंगडी मोडून घेऊ नगंस." त्याने ऑनलाइन कोर्स केला, प्रमाणपत्र मिळवलं, आणि आमच्या चौघांत चढावर वजन पुढे घ्यायचं आणि उतारावर मागे, हे माहीत असलेला तो एकटा निघाला.

तारखेचं थोडक्यात सांगतो. एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळून जमीन मऊ होते, म्हणून वाटा बंद. वाटा उघडल्या की काळ्या माश्या, त्या दमल्या की डास. इथले लोक डासाला गमतीने राज्यपक्षी म्हणतात. जुलैत केबिन मिळते ती शनिवार ते शनिवार, पूर्ण आठवड्याची, आणि तीही मागच्या वर्षी सांगून ठेवली असेल तर. ऑगस्टात निम्मा ग्रुप पुण्याहून लोणची घेऊन येतो आणि दुपारी तीनला झोपतो. नंतर गणपती, मग मंडळाचा कार्यक्रम, त्यात तीन जणांच्या बायका नाटकात. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम, त्यात नारिंगी कपड्यांशिवाय जंगलात जायचं धाडस शहाणा माणूस करत नाही. डिसेंबरपासून सगळं पांढरं. उरला सप्टेंबरअखेरचा एक शनिवार-रविवार. तो पितृपक्षात आला. ग्रुपवर शांतता पसरली. माझी बायको म्हणाली, "पितृपक्षात नवी गाडी घेत नाहीत. ही भाड्याची आहे." धर्मशास्त्रातला इतका स्वच्छ निर्णय मी पूर्वी ऐकला नव्हता.

जागा ठरली गिल्बर्ट. क्लोकेला ३५ सोडायचा, पुढे ५३ने वर जायचं. हा मेसाबी रेंजचा लोखंडाचा पट्टा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जे पोलाद ओतलं त्यातलं बरंचसं लोखंड इथल्या जमिनीतून निघालेलं. जुन्या खाणी संपल्या तेव्हा त्यांच्या खड्ड्यांत पाणी भरून तळी झाली आणि बाहेर काढून टाकलेल्या दगडमातीचे डोंगर झाले. त्याच डोंगरांवर राज्याने २००२ साली खास असल्या गाड्यांसाठी जागा करून दिली. इथे सोपी वाट हिरवी, मधली निळी, अवघड काळी. प्रत्येक वळणावर पाटी. पुणेकर हळहळला, त्याच्या शीटचं काही काम उरलं नाही.

दुकानात भाड्याचा करार सह्यांसाठी पुढे आला. नागपूरकर तो मोठ्याने वाचायला लागला. मृत्यू, अपंगत्व, उलटणे, झाडावर आदळणे असं करत तो 'अस्वल' शब्दापर्यंत पोचला, तेव्हा त्याच्या बायकोने हातातून कागद घेतला आणि डब्यातली लसणीची चटणी परत गाडीत नेऊन ठेवली. काउंटरवरचे काका शांतपणे म्हणाले, "अस्वलं तुम्हाला आधी ऐकतात." हे धीर देणारं होतं की टोमणा होता, ते मिनेसोटात कधीच कळत नाही.

चालवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. छान वाटतं. पहिल्या चढावर सगळे ओरडतात, दुसऱ्यावर फक्त बायका ओरडतात, तिसऱ्यापासून "आता मी, आता मी" सुरू होतं. आदल्या रात्री पाऊस झालेला होता. तिथलं डबकं नीट पाहिलं मी: पाणी विटेच्या रंगाचं, कडेला गंजाची बारीक पूड, आणि चाक गेलं की खाली चकचकीत काळा खडा दिसायचा, लगेच पुन्हा लाल पाण्याखाली जायचा. ते पाणी ज्याच्या अंगावर उडतं त्याचा सदरा पुन्हा पांढरा होत नाही. गाडी धुऊन परत केली नाही तर वेगळे पैसे, म्हणून शेवटचा तासभर आम्ही गावातल्या नाण्यांवर चालणाऱ्या धुलाईत होतो, आणि चार सुशिक्षित कुटुंबांत मिळून पाव डॉलरची नाणी निघाली तीन.

तिथेच सातारकराने चिखलातला व्हिडिओ गावाकडे पाठवला. थोरल्या चुलत्यांचा, आबांचा, आवाजी निरोप आला. "काय रं, पाऊस लई झाला व्हय तिकडं? एवढा चिखल झालाय तर भात का लावंना कुणी?"

"आबा, हे पैसे देऊन करतात इथं," त्याने सांगितलं.

"किती?"

सातारकराने मनात डॉलरचे रुपये केले, आकडा टाइप केला, आमच्याकडे बघितलं, आणि तो खोडून लिहिलं, 'मित्राची गाडी आहे.'

पुढचा निरोप लगेच आला. "मग त्येला म्हणावं, मागं नांगर तरी जोड."