मलिद्याचं ताट आणि ‘सरमिसळ’ हा ढिला शब्द

बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणात स्थायिक झालेल्या मराठी ज्यूंच्या, मलिद्याचा फोटो टाकायचा आणि खाली ‘ज्यूंचा प्रसाद, आपली सरमिसळ संस्कृती’ असं लिहायचं, ही हल्लीची फॅशन. हेतू चांगला असेल, पण ‘सरमिसळ’ म्हटलं की काहीही कशातही ढवळलंय असं वाटतं. या ताटात तसं काही नाही.

आधी ताट बघा. अर्धा किलो जाडे पोहे, एका नारळाचा चव, पाव किलोला थोडा कमी किसलेला गूळ किंवा साखर, पाच-सहा वेलदोड्यांची पूड, चिमूटभर जायफळ, बदाम-पिस्त्याचे काप, मनुका. पोहे दोन पाण्यांतून धुऊन चाळणीत पंधरा मिनिटं निथळायचे, भिजत ठेवायचे नाहीत. पातळ पोहे घेतले की हमखास लगदा होतो, कारण गुळालाही पाणी सुटतं. म्हणून गूळ-खोबरं शेवटी, हलक्या हातानं. खोबरं सकाळीच खवून ठेवलं तर उकाड्यात संध्याकाळपर्यंत आंबतं. शिजवायचं काहीच नाही. पोह्यांचा ढीग मधोमध, भोवती साधारण पाच प्रकारची फळं, आणि गुलाबाचं फूल.

इथवर कोकणातली कुठलीही बाई म्हणेल, हा तर नैवेद्य! पण त्या फळांची निवड हिब्रू नियमानं होते. झाडाच्या फळाला ‘बोरे प्री हाएत्स’ हा आशीर्वाद, जमिनीतून येणाऱ्याला ‘बोरे प्री हाअदामा’. खजूर, सफरचंद पहिल्यात. केळं मात्र दुसऱ्यात, कारण केळीला लाकडी खोड नाही, धर्मशास्त्राच्या लेखी ते झाड नव्हेच. नुसती झाडाचीच फळं मांडली तर एक आशीर्वाद म्हणायला जागाच उरत नाही. गुलाब शोभेचा नाही, सुगंधाचा आशीर्वाद वेगळा आहे. ताटापुढे मूर्ती नाही, तसबिरीला दाखवणं नाही; प्रार्थना देवाची आणि स्मरण एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे संदेष्टा एलियाचं. नवस फेडताना, लग्नाआधी मेंदीच्या वेळी, नव्या घरात जाताना.

नाव तिसऱ्याच दारातून आलं. मलिदा हा फारसी शब्द, दर्ग्यावर चढतो तो चपाती कुस्करून, तूप-साखर घालून. (मराठीत आपण मलिदा ‘लाटतो’, तो आणखी वेगळा.) ज्यू पंचांगातल्या शेवाट महिन्याच्या पौर्णिमेला येणाऱ्या वृक्षांच्या सणाला जुने बेने इस्राएल ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’ म्हणत. अलिबागजवळच्या खंडाळ्यात खडकावर एलियाच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे.

आता नकार कुठे आहे ते पाहा. दूधपोहे आपल्याला प्रिय, पण मलिद्यात कुणी दूध ओतत नाही. नंतरच्या जेवणात मटण असतं आणि मांस-दूध एकत्र चालत नाही. तोच नियम रश्शात नारळाचं दूध आणतो. शुक्रवार रात्रीच्या किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या आशीर्वादाला, कोशर (ज्यू आहारनियमांत बसणारी) वाइन मिळत नसे, म्हणून काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करायचे. ते द्राक्षाचंच असल्यानं द्राक्षरसाचा आशीर्वाद टिकतो. कोकमाच्या सरबतावर तो म्हणता आला नसता. घेतलं ते साहित्य, नियम आपलाच ठेवला. माझ्या मते याला मिसळण्यापेक्षा बसवणं म्हणावं, सुतार चौकटीत दार बसवतो तसं.

शेजाऱ्यांकडून सगळं गोडच आलं, असंही नाही. विधवेचा पुनर्विवाह टाळणं कोकणातूनच आलं. ‘गोरे’ आणि ‘काळे’ (मिश्र विवाहांतले मानले गेलेले) इस्राएल असे समाजातच दोन भाग पडले, त्यांच्यात रोटी-बेटी व्यवहार नव्हता. मलिद्याच्या फोटोखाली हे कुणी लिहीत नाही. इस्राएल देशात गेलेल्या बेने इस्राएलांच्या विवाहांवर तिथल्या रब्बींच्या धर्मपीठानं शंका घेतली आणि 1964 पर्यंत तो वाद चालला. त्यातही मुद्दा पोह्यांचा नव्हता, पूर्वजांचे घटस्फोट-पुनर्विवाह शास्त्राला धरून झाले होते का, हा होता.

कुणी मलिद्याला बोलावलं तर आशीर्वाद पुरे होईपर्यंत ताटाला हात लावू नका. आणि घरी दिलेला डबा रात्रीच संपवा. फ्रिजमध्ये ठेवलात तर सकाळी पोहे वातड लागतील.