दारावरचं आडनाव

बाबांचा फोन दर रविवारी येतो. मागच्या खेपेला आवाज चढलेला होता. नाशिकला सिडकोतल्या आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, "सिंहस्थ तोंडावर आलाय. रामकुंडापासून गाडगे महाराज पुलापर्यंत झोपणारी माणसं आधी हलवा." खाली दुसऱ्याने जोडलं, "यांना घरकुलं द्या नाहीतर बंगले, भाड्याने देऊन परत घाटावरच येणार." बाबांनी मला विचारलं, "तुमच्याकडे काय करतात गं अशा लोकांचं?"

मी हेलसिंकीत राहते. 1987 मध्ये फिनलंडमध्ये अठरा हजारांवर माणसं बेघर होती. तिथेही आधी निवारे होते, रांगा होत्या, आणि अट असायची की दारू सोड, काम धर, मग घराचं बघू. 2008 पासून सरकारने हा क्रम उलटा केला. आधी घर, बाकीचं नंतर. घर फुकट नाही. रीतसर भाडेकरार होतो, भाड्याला पैसे कमी पडले तर सरकारी भत्ता मिळतो. हेलसिंकीतला सॅल्व्हेशन आर्मीचा 250 खाटांचा निवारा बंद करून 2012 मध्ये त्याच इमारतीत ऐंशीएक छोटे फ्लॅट केले. 2023 अखेर देशभरातले बेघर साडेतीन हजारांच्या खाली आले होते.

आमच्या इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची सामाईक खोली आहे. दाराशी वही टांगलेली असते, हवी ती वेळ बघून आपला फ्लॅट नंबर लिहायचा. एकदा मशीन अडलं तेव्हा तळमजल्यावरचे गृहस्थ मदतीला आले. साठीचे असतील. बोलता बोलता म्हणाले, मी सहा वर्षं कधी मित्राच्या सोफ्यावर, कधी जिन्याखाली काढली. चावी मिळाली त्या रात्री जॅकेट घालूनच जमिनीवर झोपलो. इथे दारालाच पत्र टाकायची फट असते आणि वर आडनावाची पाटी. ती पाटी नीट लागलीय ना, हे बघायला ते त्या दिवशी दोनदा बाहेर आले होते. त्या वहीत त्यांचा नंबर आणि माझा नंबर शेजारी शेजारी असतात.

बाबांना हे सांगितलं, आणि मग आमच्याच घराची आठवण करून दिली. सातपूरच्या कंपनीतल्या कामगाराला सिडकोने हप्त्यावर घर दिलं म्हणून मी शिकले. ते घर सरकारनेच बांधलं होतं. आम्ही वर खोली चढवली, एक खोली भाड्याने दिली, गल्लीतल्या दोघांनी घरं विकून टाकली. आम्हाला कुणी लबाड म्हटलं नाही. घाटावरच्या माणसाने तेच केलं तर तो लबाड कसा?

माझं खरं दुखणं वेगळं आहे. आपल्याकडे घराचं धोरण म्हणजे मालकीचं धोरण. 2015 ला पंतप्रधान आवास योजना आली, 2022 पर्यंत सर्वांना घर असं ठरलं. महाराष्ट्रात 2013 पासून मोठ्या गृहप्रकल्पांत वीस टक्के घरं दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची आहेत. नाशिकमधली ती घरं कुठे गेली, यावर 2022 मध्ये विधान परिषदेत रणकंदन झालं. पण ही घरं मिळाली तरी सोडत, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं कर्ज. पेठ-सुरगाण्याहून चार महिन्यांसाठी येऊन मजुरीला नाक्यावर उभं राहणाऱ्या जोडप्याला मालकी नकोच आहे. त्यांना भाड्याची एक खोली हवी, दाराला कडी असलेली. 2012 च्या सरकारी तज्ज्ञगटाने देशाच्या शहरांत 1.88 कोटी घरांची टंचाई मोजली, आणि 2011 च्या जनगणनेत शहरांतच 1.11 कोटी घरं रिकामी निघाली. नुसत्या सोडती काढून हे मिटणार नाही. 2020 च्या टाळेबंदीनंतर केंद्राने भाड्याच्या घरांची योजना आणली, तिचं पुढे फारसं काही झालं नाही.

निवारे हवेतच. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दर लाख वस्तीमागे एक निवारा सांगितला, म्हणजे 2011 च्या लोकसंख्येनुसार नाशिकला चौदा तरी. पण निवाऱ्यात नवरा एकीकडे आणि बायको-मुलं दुसरीकडे झोपणार असतील, तर कुटुंब घाटच पसंत करतं. मीही करीन.

फिनलंडचं सगळं उचलून आणता येणार नाही. इथले बेघर बहुतेक एकटे आणि मोजके; हेलसिंकीची बरीचशी जमीन आणि हजारो घरं पालिकेच्या मालकीची. शिवाय 2024 मध्ये सरकारने घरभत्ता कापला आणि त्याच वर्षी इथले बेघर कित्येक वर्षांनी पुन्हा वाढले. पण सिंहस्थात नाशिक पालिका तपोवनात साधूंसाठी तात्पुरती वसाहत, साधुग्राम, उभं करतेच ना? लाखोंसाठी पाणी, वीज, शौचालयं, रस्ते, तेही ठरलेल्या तारखेच्या आत. मग नाक्यांच्या जवळ पालिकेच्या मालकीच्या, महिन्याच्या भाड्याच्या पाचशे खोल्या का होऊ नयेत? विकायच्या नाहीत, कायम पालिकेकडेच ठेवायच्या.

पुढच्या रविवारी बाबांचा फोन लवकर आला. समोरच्या बांधकामावर पेठकडचं एक कुटुंब ताडपत्रीत राहतं. लिफ्ट बसली, फ्लॅटचे ताबे सुरू झाले की त्यांना जागा सोडायची आहे. बाबा स्वतः जाऊन त्यांना विचारून आले होते. "महिन्याला दीड हजार द्यायला तयार आहे तो," बाबा म्हणाले. "पण घरमालक अकरा महिन्यांचा करार मागतात, डिपॉझिट मागतात. आणि विचारतात, आत्ता कुठे राहतोस, तिथला पत्ता दे."