शोमरोन्याने जात विचारली नव्हती

रविवारी उपासना सुटली की गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयापासून चार पावलांवर आमचा कट्टा भरतो. परवा मन्यानेच विषय काढला, म्हणे तुमच्यातले लोक सेवा करतात ती शेवटी माणूस चर्चमधे यावा म्हणूनच ना, खरं सांगा.

डॅनी लगेच म्हणाला, मग लपवायचं कशाला? ख्रिस्ताचं नावच घेतलं नाही तर आपल्या अन्नदानात आणि मंडळाच्या अन्नदानात फरक काय राहिला.

मला हे पटत नाही, अजिबात नाही. बायबलमधल्या लूकच्या 10 व्या अध्यायातला शोमरोनी आठव ना, यहुदी ज्यांना परकं आणि हलकं समजायचे त्या लोकांतला, रस्त्यात पडलेल्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, दोन दिनार दिले आणि वर सांगितलं की जास्त लागले तर परत येताना देतो. जात विचारली नाही की प्रवचन दिलं नाही. याजक आणि लेवी, म्हणजे देवळातले पुजारी आणि सेवेकरी, ज्यांना शास्त्र पाठ, ते पलीकडून निघून गेले.

मन्या म्हणाला बरं, मग पंडिता रमाबाई? 1893 ला रानडे आणि भांडारकर त्यांच्या शारदा सदनातून, विधवांसाठीच्या त्या शाळेतून, बाहेर पडले ते या धर्मांतराच्याच मुद्द्यावर ना. हो, याच मुद्द्यावर, आणि तेव्हा पुण्यात माणसं दुखावली हे आपणही मान्य केलं पाहिजे. पण पुढे दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या त्याही रमाबाईच, केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं. एक सांगायचं आणि दुसरं गाळायचं असं नको.

मग मी डॅनीकडे वळलो. अरे तू रोज संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या आजींच्या टाचेची जखम धुतोस, गॉज चिकटलेला असतो तो ओढत नाहीस, सलाईनने भिजवत दहा-दहा मिनिटं खाली फरशीवर बसून राहतोस, आणि तेवढ्या वेळात त्यांना मोबाईलवर हरिपाठ लावून देतोस. त्यांना किती वेळा ख्रिस्त सांगितलास?

डॅनी ग्लास हातात फिरवत बसला.

एकदाच, म्हणाला. त्यांनीच विचारलं, कुणासाठी करतोस रे एवढं, म्हणून सांगितलं.

मग काय म्हणाल्या? मन्याने विचारलं.

म्हणाल्या, उद्या जरा लवकर ये बाबा, रात्री फार ठणकतं.