‘१४ इंच, ३० पिन, कुठलाही चालतो’ : हा मेसेज पुढे ढकलण्याआधी जरा थांबा

सध्या एक मेसेज फिरतोय, तुमच्याही एखाद्या ग्रुपवर येऊन गेला असेल. मजकूर साधारण असा: “थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुकचा स्क्रीन गेला तर सर्व्हिस सेंटरला जाऊ नका. १४ इंचाचे सगळे स्क्रीन सारखेच असतात, ३० पिन. दुकानदाराला फक्त लॅपटॉपचं मॉडेल सांगा. एचडी असेल तर थोडे पैसे घालून फुल एचडी टाका, केबल तीच चालते. ओरिजिनलच्या नादी लागू नका. लावून बघा, चालला तर ठीक नाहीतर परत करा, काही जळत नाही.”

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, सर्व्हिस सेंटरचं कोटेशन ऐकून घाम फुटतो हे खरं आहे. आणि हल्ली कंपन्यांच्या लीजमधून निघालेले लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तापकीर गल्लीपर्यंत रिफर्बिश्ड म्हणून ढिगाने मिळतात, त्यामुळे लेनोवोचे थिंकपॅड टी४८० किंवा डेलचे लॅटिट्यूड ७४९० घरोघरी झालेत, मग कधीतरी कुणीतरी की-बोर्डवर पेन ठेवून झाकण मिटतं आणि हा मेसेज शोधायला लागतं. पण त्या मेसेजच्या भरवशावर खरेदी केली की पैसे आणि वेळ दोन्ही जातात. एकेक वाक्य घेऊ.

“सर्व्हिस सेंटरला जाऊ नका.” अहो आधी वॉरंटी तर बघा. बिझनेस सिरीजला तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी घेतलेली असणं अगदी कॉमन आहे आणि सेकंडहँड मशीनचीही कधीकधी शिल्लक निघते, सिरीयल नंबर किंवा डेलचा सर्व्हिस टॅग कंपनीच्या साइटवर टाकला की लगेच कळतं. फुटलेला स्क्रीन साध्या वॉरंटीत बसत नाही, त्याला अपघाताचं वेगळं कव्हर लागतं, पण आपोआप आलेल्या रेषा बसू शकतात. दुसरं म्हणजे स्क्रीनच गेलाय हे कशावरून? डेलमध्ये डी बटण दाबून धरून पॉवर ऑन करा, पांढरा काळा लाल हिरवा निळा असे रंग येतात, ते स्वच्छ दिसले तर पॅनल, म्हणजे झाकणातला स्क्रीनचा सुटा भाग, बरा आहे आणि भानगड केबलमध्ये किंवा मदरबोर्डकडे आहे. बाकी कंपन्यांच्या मशीनला बाहेरचा मॉनिटर जोडून बघा, बाहेर सगळं नीट आणि आतल्या रेषा झाकण हलवलं की बदलतायत, तर संशय आधी केबलवर घ्यायचा. नवा पॅनल लावूनही त्याच रेषा आल्या की मग दुकानदाराशी भांडण, ते टळतं.

“१४ इंचाचे सगळे सारखेच, ३० पिन.” इथे खरी गंमत आहे. १४ इंच हे कर्णाचं माप, त्यावरून पॅनलचा आकार ठरत नाही. रुंदी-उंचीचं प्रमाण १६:९ असलेल्या १४ इंची पॅनलचा दिसणारा भाग साधारण ३१० बाय १७४ मिमी, १६:१० चा ३०२ बाय १८८. म्हणजे उंचीत जवळपास दीड सेंटीमीटरचा फरक, घासून-पुसून बसवायचा प्रश्नच नाही. आणि हा बदल एकाच नावाच्या सिरीजमध्ये मधेच झालाय: थिंकपॅड टी१४ ची पहिली दुसरी जनरेशन १६:९, २०२२ ची तिसरी १६:१०. एचपीच्या एलिटबुक ८४० जी८ आणि जी९ मध्ये तेच, लॅटिट्यूड ७४३० आणि ७४४० मध्येही तेच. दुकानात जाऊन नुसतं “टी१४ चा स्क्रीन द्या” म्हटलं तर काय येईल ते नशीब.

बरं, आकार जुळला तरी पॅनल बसवायची पद्धत वेगळी असते. जुन्या पॅनलला कडेला पत्र्याचे कान असतात आणि त्यातून स्क्रू जातात, नवीन बारीक बेझलच्या (स्क्रीनभोवतीच्या चौकटीच्या) मशीनमध्ये कान नसतात, मागे ओढून काढायची चिकटपट्टी असते. कानवाला पॅनल बिनकानवाल्याच्या जागी जात नाही, आणि कान पक्कडीने मोडून बसवणारे महाभाग आहेत, त्यांच्यापासून लांब राहा कारण त्या कानाच्या शेजारीच काचेची कड असते. शिवाय जाडी, आणि मागून बघताना कनेक्टर डावीकडे आहे का उजवीकडे, कारण झाकणातली केबल काही ओढून वाढत नाही.

आता पिन. साधा फुल एचडी ६० हर्ट्झचा ईडीपी (पॅनलला चित्र पाठवायची हल्लीची पद्धत) पॅनल बहुतेक ३० पिनचा असतो हे बरोबर. पण टी४८० चाच टच पॅनल ४० पिनचा आहे कारण टचचे सिग्नलही त्याच केबलमधून जातात, आणि २५६० बाय १४४० वाल्यालाही ४० पिनची वेगळी केबल आहे. त्याहून वाईट सापळा म्हणजे ईडीपीच्या आधीच्या पद्धतीचे, म्हणजे एलव्हीडीएस पॅनल, तेही ४० पिनचेच. टी४३० एलव्हीडीएस, टी४४० पासून ईडीपी. एलव्हीडीएस आणि ४० पिनचा ईडीपी, दोघांचे कनेक्टर दिसायला सारखे, कित्येकदा एकमेकांत बसतातही, पण आतल्या पिनांचा क्रम पूर्ण वेगळा. “बसला म्हणजे जुळला” हे इथे चालत नाही.

“दुकानदाराला फक्त मॉडेल सांगा.” टी४८० हे एक मॉडेल झालं ना? ते २०१८ मध्ये आलं तेव्हा एचडी टीएन (बाजूने बघितलं की रंग बिघडणारा), फुल एचडी आयपीएस (बाजूनेही नीट दिसणारा), फुल एचडी टच आणि डब्ल्यूक्यूएचडी (तोच २५६० बाय १४४० वाला) असे चार प्रकार त्यात मिळत होते, आणि प्रत्येक प्रकाराचा पॅनलसुद्धा एकाच कारखान्यातला नसतो. मॉडेल सांगितलं की दुकानदार त्याच्याकडे जो पडलाय तो देतो, त्याचा तरी काय दोष.

सांगायचा असतो तो पॅनलचा नंबर. बेझल काढला, पॅनल पुढे झुकवला की मागे लेबल दिसतं, त्याचा फोटो काढायचा. नंबर वाचायला सोपा आहे. बीओई ह्या पॅनल बनवणाऱ्या कंपनीचा एनव्ही-१४०-एफएचएम असेल तर १४.० इंच फुल एचडी आयपीएस, एनटी-१४०-डब्ल्यूएचएम असेल तर १३६६ बाय ७६८ चा टीएन. तशाच दुसऱ्या कंपनीच्या, एयूओच्या बी-१४०-एचएएन मधला ‘ए’ म्हणजे आयपीएससारखा वाइड अँगल, बी-१४०-एचटीएन मधला ‘टी’ म्हणजे टीएन. एलजीचा एलपी-१४०-डब्ल्यूएफ फुल एचडी, डब्ल्यूएच एचडी. इनोलक्सचा एन-१४०-एचसीए आयपीएस, एन-१४०-बीजीई टीएन एचडी. आणि शेवटचं डॅशनंतरचं शेपूट विसरू नका, बऱ्याचदा कान, पिन, टच यांचा फरक त्या शेपटातच असतो. लग्नात पत्रिका बघतात तसं दोन्ही लेबलं शेजारी ठेवून गुण जुळवायचे: माप, रिझोल्यूशन, पिन, कनेक्टरची जागा, कान, टच. ह्यातला एकही सोडून चालत नाही.

झाकण उघडायचं नसेल तर बाहेरचा मॉनिटर लावून विंडोज चालू करा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटर्स, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. तिथे एयूओ, बीओई, एलजीडी किंवा सीएमएन अशी अक्षरं दिसली तर कारखाना कळला, सीएमएन म्हणजे इनोलक्स. थिंकपॅडमध्ये तिथे बऱ्याचदा नुसतं एलईएन येतं, मग एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये पॅनलचं नाव दिसतं का बघा, नाहीतर लेबलच. कंपनीचा सुट्या पार्टचा नंबर, म्हणजे लेनोवोचा एफआरयू नंबर, डेलचा पाच अक्षरी डीपी नंबर किंवा एचपीचा स्पेअर पार्ट नंबर मिळाला तरी काम होतं. तिन्ही कंपन्यांची सर्व्हिस मॅन्युअल फुकट डाउनलोड होतात, झाकण कसं उघडायचं त्याच्या चित्रांसकट, आणि तरी लोक धूसर व्हिडिओ बघून बेझल तोडतात हे मला कळत नाही.

“एचडी असेल तर फुल एचडी टाका, केबल तीच.” काही मशीनवर खरं, सगळ्यांवर नाही. ईडीपीची एक लेन (चित्राचा डेटा नेणारी तारांची एक जोडी) सहसा सेकंदाला २.७ गिगाबिटची, त्यातले उपयोगाचे २.१६. १३६६ बाय ७६८ ला ६० हर्ट्झवर दीड-पावणेदोन गिगाबिट पुरतात म्हणजे एक लेन बास. फुल एचडीला साडेतीनच्या आसपास लागतात म्हणजे दोन लेन. काही कंपन्यांनी एचडी मॉडेलच्या केबलमध्ये पैसे वाचवायला एकच लेन जोडलेली असते, कनेक्टर मात्र ३० पिनचाच. फुल एचडी पॅनल बसतो, स्क्रू लागतात, आणि चालू केल्यावर काळोख. टी४८० मध्ये एचडी काढून फुल एचडी टाकला तर तीच केबल चालते, म्हणून तिथे हे अपग्रेड इतकं लोकप्रिय झालं आणि तिथूनच बहुतेक ही अफवा सगळ्या मॉडेलांना चिकटली. त्याच टी४८० मध्ये डब्ल्यूक्यूएचडी टाकायचा तर ४० पिनची केबल घ्यावीच लागते. आणि टी४३० किंवा एक्स२३० वर फुल एचडी हवा असेल तर वेगळा कन्व्हर्टर बोर्ड लागतो, तो हौशी लोकांचा उद्योग आहे. तेव्हा केबलचा पार्ट नंबर फुल एचडी मॉडेलच्या केबलशी ताडून बघा, पाच मिनिटांचं काम.

“ओरिजिनलच्या नादी लागू नका.” ह्याच्याशी मी निम्मा सहमत आहे. लेनोवो, डेल, एचपी पॅनल बनवत नाहीत, ते एलजी, एयूओ, बीओई, इनोलक्स, शार्प यांच्याकडूनच घेतात. त्यामुळे कंपनीच्या खोक्यातलाच पाहिजे असा हट्ट धरायची गरज नाही, आणि थिंकपॅडची जी बायोस व्हाइटलिस्ट (यादीबाहेरचा पार्ट मशीनने नाकारायचा) कुप्रसिद्ध आहे ती जुन्या मॉडेलांच्या वायफाय कार्डांची, स्क्रीनची नव्हे. पण म्हणून ‘कंपॅटिबल’ लिहिलेला कुठलाही घ्या? नाही. फुल एचडी आयपीएस एवढंच बघून घेतलेला पॅनल बहुतेक २५० निट्स (उजेडाचं माप) आणि ४५ टक्के एनटीएससीचा (किती रंग दाखवतो त्याचं माप) निघतो, एक्सेलला ठीक, फोटोचं काम करणाऱ्याला लाल रंग विटेसारखा दिसणार. थोडे जास्त पैसे देऊन ७२ टक्के एनटीएससी, म्हणजे जवळजवळ पूर्ण एसआरजीबीचा (फोटो आणि वेबसाठीचा नेहमीचा रंगसंच), ३०० किंवा ४०० निट्सचा पॅनल त्याच मशीनला मिळतो, आणि कंपनीने मुळात दिला होता त्यापेक्षा चांगला! टी४८० वाल्यांमध्ये इनोलक्सचा एन-१४०-एचसीजी-जीक्यू२ प्रसिद्ध आहे तो ह्याच कारणाने, ४०० निट्स आणि वीजही कमी खातो. फक्त नंबर बिलावर लिहून घ्या, “ए प्लस ग्रेड” ह्या शब्दाला काही अर्थ नाही.

आणखी एक, काही पॅनल आणि काही मशीन यांचं ब्राइटनेसवरून पटत नाही, चित्र छान येतं पण ब्राइटनेसची बटणं मुकी. त्यामुळे दुकानातून उठायच्या आधी ब्राइटनेस खालपासून वरपर्यंत फिरवून बघा. एचपीचा शुअर व्ह्यू, म्हणजे बटण दाबलं की शेजाऱ्याला स्क्रीन दिसत नाही तो, २०१६ पासून एलिटबुकमध्ये आहे, त्याला त्याचाच खास पॅनल लागतो. साधा लावला तर ते बटण शोभेला उरतं.

“लावून बघा, काही जळत नाही.” सगळ्या मेसेजमधलं सगळ्यात महागडं वाक्य हे. त्या इवल्याशा कनेक्टरमध्ये पॅनलच्या लॉजिकला ३.३ व्होल्ट जातात आणि काही पिना सोडून बॅकलाइटची (पॅनलमागच्या दिव्यांची) लाइन, जिच्यावर मशीननुसार ७-८ पासून २० व्होल्टपर्यंत असतात. बऱ्याच बोर्डांवर ही लाइन बॅटरीकडून फ्यूजमधून थेट येते, म्हणजे लॅपटॉप बंद असला तरी तिथे करंट आहे. प्लग तिरका गेला किंवा चुकीच्या पिनक्रमाचा पॅनल लावला की ते व्होल्ट भलतीकडे शिरतात. नशीब चांगलं तर फ्यूज जातो, नसेल तर पॅनल किंवा प्रोसेसरकडची लाइन.

म्हणून बॅटरी आधी तोडायची. थिंकपॅडमध्ये चालू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) कॉन्फिग, पॉवर, तिथे बिल्ट-इन बॅटरी डिसेबल करायचा पर्याय आहे, टी४८० मध्ये त्याशिवाय मागची बाहेरची बॅटरीही काढायची. लॅटिट्यूड-एलिटबुकमध्ये खालचं कव्हर उघडून बॅटरीची केबल काढा. मग पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा. कनेक्टरवरची पारदर्शक टेप सावकाश उचला, पत्र्याची कडी असेल तर ती उभी करा, आणि प्लग पॅनलला समांतर आडवा सरकवून काढा, वर उपटायचा नाही. घालतानाही तसाच सरळ, दोन्ही टोकं एकदम आत गेली पाहिजेत. बेझल लावायच्या आधी पॅनल की-बोर्डवर कापडावर टेकवून चालू करून बघा. पसंत पडला नाही तर काढायच्या आधी पुन्हा बॅटरी तोडा, लोक घाईत नेमकं तेव्हाच विसरतात.

आणि एवढं करूनही, किंवा आधीच कुणीतरी “लावून बघून” ठेवलं असेल आणि आता स्क्रीन काळा आहे, तर “मदरबोर्ड गेला” ऐकून लगेच पाकीट काढू नका. अंधारात मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा. आत विंडोजचं चित्र पुसट दिसलं आणि दुसरा चांगला पॅनल लावूनही तेच, तर चित्र येतंय, फक्त बॅकलाइटला वीज नाही. अशा वेळी डिस्प्ले कनेक्टरजवळचा तांदळाच्या दाण्याहून लहान फ्यूज उडालेला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि चिपलेव्हलचं, म्हणजे बोर्डवरचे बारीक भाग बदलायचं काम करणारा माणूस तो मीटरने तपासून बदलून देतो. अख्खा बोर्ड बदलायचं कोटेशन देणाऱ्याला आधी एवढंच विचारा, फ्यूज मोजला का?