क्रँकची पुली ठोकून, तापवून काढायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. घरी टायमिंग बेल्ट बदलताना क्रँकची पुली, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या टोकावरची बेल्ट फिरवणारी चकती, अडली तर काय करायचं, ते त्यात सांगितलंय. बोल्टला पाना लावून दांडा चॅसीला टेकवा आणि सेल्फ मारा. मग पुली हातोड्याने कडेकडेने ठोका. हलली नाही तर गॅसने तापवा, तरीही नाही तर दोन पायांचा पुलर (पुली ओढून काढायचं हत्यार) कडेला अडकवून ओढा. बसवताना बोल्ट अंगातला सगळा जोर लावून आवळा.

मी अमळनेरला राहतो आणि स्वतःच्या गाडीची कामं अंगणातच करतो. लोकांनी घरी काम करावं असंच मला वाटतं, म्हणून हा मेसेज खोडून काढणं मला गरजेचं वाटलं. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने याच मेसेजप्रमाणे जुन्या पेट्रोल गाडीवर हात चालवला आणि संध्याकाळी मला बोलवायला आला. "काका, बोल्ट निंघना, पन पुली हालस नही." म्हणजे बोल्ट निघाला होता, पण पुली हलत नव्हती. मी वाकून पाहिलं. पुलीची बाहेरची कडी अंगठ्याने दाबली की आत-बाहेर हलत होती. मधला गाभा मात्र क्रँकवर जिथल्या तिथे घट्ट होता.

पुलरचा सल्ला इथेच चुकतो. ही पुली वरून अखंड लोखंड दिसते, पण बऱ्याच गाड्यांत ती दोन तुकड्यांची असते. मधला गाभा, बाहेरची कडी आणि दोघांच्यामध्ये चिकटवलेलं रबराचं वेटोळं. क्रँकची थरथर ते रबर जिरवतं. कडेला पुलर लावला की सगळा ओढा रबरावर येतो आणि ते सुटतं. मग पुली निघाली तरी ती भंगारातच जाते. ओढायचं ते गाभ्याला. बहुतेक घट्ट पुल्यांच्या गाभ्यात पुलरसाठी आटे पाडलेले असतात. त्यात बोल्ट एकसारखे बसवायचे आणि मधला स्क्रू हळूहळू फिरवायचा. हा स्क्रू क्रँकच्या आट्यांवर थेट टेकता कामा नये, मध्ये आखूड बोल्ट किंवा लोखंडी ठोकळा ठेवा. काही पुल्यांना तर पुलर लागतच नाही. बोल्ट निघाल्यावर दोन्ही हातांनी डावी-उजवी हलवली की त्या सरकत बाहेर येतात.

हातोड्याने कडेचे टवके उडतात, कडी वाकडी होते आणि मग बेल्ट डुलतो. काही इंजिनांत क्रँक सेन्सरचे (क्रँकचं फिरणं ओळखणाऱ्या सेन्सरचे) दातेही पुलीवरच असतात. एक दाता वाकला की गाडी सुरू व्हायला त्रास देते, आणि दोष शोधण्यात आठवडा जातो.

"लोखंड तापलं की फुगतं" हे खरं आहे, पण टेबलावर सुट्या ठेवलेल्या साध्या लोखंडी पुलीपुरतं. गाडीत पुलीच्या आत रबर, मागे तेल अडवणारं क्रँकचं ऑइल सील आणि आजूबाजूला बहुधा प्लॅस्टिकचं कव्हर असतं. शिवाय आपल्याकडे कोकणासारखा गंज कमी. इथे पुलीच्या मागे काळ्या मातीची धूळ आणि गळलेलं तेल मिळून खपली धरते. तिच्यावर ज्योत धरली तर ती पेट घेईल. ती ब्रशने आणि थोड्या डिझेलने खरवडा. बऱ्याचदा अडवणूक तिचीच असते.

आता सेल्फ. ही युक्ती कधी कधी चालते, त्या मुलाचा बोल्ट तिनेच निघाला. पण होंडाची बरीच जुनी इंजिनं उलट्या दिशेने फिरतात. तिथे सेल्फ मारला तर बोल्ट उलट आणखी आवळला जातो. पेट्रोल गाडीत इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्पार्क प्लग काढून ठेवता येतो, डिझेल गाडीत तो नसतोच. इंधन बंद केलं नाही आणि इंजिनाने पकड घेतली तर तो दांडा कुणाच्या पायावर येईल, सांगता येत नाही. त्यापेक्षा गिअरची गाडी असेल तर ती वरच्या गिअरमध्ये टाका, एकाला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा. सहा कोनी गोटी (सॉकेट) घ्या, बारा कोनी नको, आणि दांड्यावर लांब पाइप चढवा. मीटरभर पाइपच्या टोकाला २० किलो भार दिला की बोल्टवर सुमारे २०० न्यूटन-मीटर जोर येतो. गाडी जॅकवर लटकत ठेवून यातलं काहीच करू नका, खाली स्टँड हवेतच.

सगळ्यात घातक आहे ती अंगातल्या जोराने आवळायची शेवटची ओळ, कारण तिचा परिणाम नंतर दिसतो. अंगाच्या जोराने किती आवळलं ते कळत नाही. कमी पडून बोल्ट सैल राहिला तर पुली चावीवर (क्रँक आणि पुलीच्या खाचेत बसणाऱ्या छोट्या लोखंडी तुकड्यावर) आपटत राहते, खाच रुंद होते. काही इंजिनांत चावीच नसते, टायमिंगचं दातेरी चक्र फक्त बोल्टच्या दाबावर बसलेलं असतं. ते सरकलं तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतात. काही बोल्ट आवळताना ताणले जातात, त्यामुळे दर वेळी नवाच घालावा लागतो. आधी ठरलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळणं, मग ठरलेले अंश आणखी फिरवणं, हे त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघूनच करायचं.

त्या मुलाच्या गाडीला नवी पुली आणली. जुनी काढायला गाभ्यातल्या आट्यांत तीन बोल्ट लावले, स्क्रू थोडा फिरवला आणि ती फाटलेली पुली त्याच्या हातात आली. नवी बसवताना त्याचे वडील ब्रेकवर बसले, टॉर्क पाना त्याच्याच हातात दिला. ठरलेला जोर झाल्याचा 'कट्' आवाज पान्यातून आल्यावर त्याने अजून एकदा ओढायला पाना उचलला, तेव्हा मी त्याचा हात धरला.